खाटेएवढी खोली

शांतीचा दिवस पहाटे चारला सुरू होई. गजर लावावा लागत नसे. नवऱ्याची, सखाची कूस बदलायची ती वेळ. कमरेखाली लुळ्या पडलेल्या माणसाला फार वेळ एका कुशीवर ठेवलं की कातडी जाते आणि मागोमाग मांस जातं. तसं एकदा झालं होतं. दुसऱ्यांदा तिनं होऊ दिलं नाही. एक हात त्याच्या खांद्याखाली, एक मांडीखाली, गुडघा खाटेच्या कडेला टेकलेला, असं धरून ती त्याला वळवी. सखा बारीक माणूस नव्हता. डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर ओझी उचलण्यात त्याची उमर गेली होती. पडून राहिल्यावर मांस झडलं, पण हाड तेवढंच रुंद राहिलं, आणि वजन हाडाचंच असतं हे शांतीला रोज नव्यानं कळे.

मग त्याला पुसायचं, भांडं ओतायचं, चादर बदलायची, नळ येईल तेवढ्यात पिंप भरायचं, तांदळाच्या भाकऱ्या टाकायच्या, त्याच्या हाताशी पाणी आणि रेडिओ ठेवायचा. इतकं झालं की ती आदेशच्या कारखान्यात जाई.

हमरापुरात कारखाना म्हटलं की तो गणपतीचा. आदेश सखाच्या भाऊबंदांतला, चुलत-चुलत भाऊ. त्याच्या शेडमध्ये पुरुष साच्यात माती दाबत, मूर्ती काढत, जोड बुजवत. मूर्ती वाळली की ती बायकांच्या मांडीवर येई. ते घासकाम. पॉलिश पेपर घ्यायचा आणि साच्याच्या रेघा, खडबड, बोटांचे ठसे घासून काढायचे. पोट आणि पाठ कोणीही घासतं. सोंडेचं वळण, कानामागची खोबण, मोदक धरलेल्या बोटांमधल्या फटी, तिथं माणसाची परीक्षा होते. शाडूची मूर्ती कडक दिसते, पण अंगठा जरा जास्त दाबला की बोट तुटून हातात येतं. शांतीच्या हातून तुटलेलं कोणी पाहिलं नव्हतं. तोंडाला फडकं बांधून, पाय लांब करून ती बसे आणि मूर्ती पायांत उलटी धरून तिची बैठक घासे. देवाला पाय लागतो असं त्या बायकांच्या मनातही येत नसे. डोळे आखले नाहीत, चतुर्थीला पूजा झाली नाही, तोवर ती माती. हे त्या गावात पोरासोरांनाही माहीत असतं.

सखाची पाठ गेली ती निसर्ग वादळात. तेव्हा लॉकडाऊन होता, कंपनीनं कंत्राटाची माणसं घरी बसवली होती. घरावर सिमेंटचे पत्रे होते. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पत्र्यांवर धोंडे ठेवायची तिकडची रीत. सखानं आदल्या दिवशी शिडी लावून चांगले जड धोंडे निवडून ठेवले. वाऱ्यानं पत्रा उचलला, पत्रा फुटला आणि धोंडा आत आला. तो नेमका सखाच्या पाठीवर आला, कारण सखा वाकून तांदळाची कणगी झाकत होता. पंचनाम्यात पत्र्यांची नोंद झाली. पाठीची झाली नाही.

पेणच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं ते एवढंच, की पाय येणार नाहीत आणि आता छाती सांभाळा. पडून राहणाऱ्याला खोकून कफ काढता येत नाही. भिजू देऊ नका, गार वारा लागू देऊ नका. शांतीनं ते ऐकलं आणि घरी येऊन वर पत्र्यांकडे बघितलं. त्या दिवशी तिच्या मनात खोली आली.

तिची मुलगी सुरभी रोह्याला दिलेली. जावई जितेश गवंडीकाम करी. वादळानंतर रोह्याकडे गवंड्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, जिकडे तिकडे घरं उघडी पडली होती. तरी तो आला, घर फिरून बघितलं आणि म्हणाला, “आई, सगळ्या घराला स्लॅब घालायचा म्हटलं तर तुमच्यानं व्हायचं नाय.”

“सगळं घर नको. खाट आत जाईल आणि खाटेशेजारी मी बसेन, एवढी खोली करा. वारं, पाणी, झाड, धोंडा, काय बी येऊ दे, तिला काय होता नये.”

“एवढीशी खोली? लोक हसतील. म्हणतील, म्हातारीनं तिजोरी बांधली.”

“हसू देत. तिजोरीत ठेवायसारखं माझं एकच हाय.”

मागच्या बाजूला, घराच्या पोटात खोली धरली, म्हणजे वाऱ्याला सरळ तोंड मिळू नये. पाया शांतीनं खणला. कारखान्यातून आल्यावर दिवेलागणीपर्यंत ती खणी. मुरूम लागला तेव्हा पहार घेतली. सखा खाटेवरून सूचना देई. “पहार उभी मार गो, आडवी मारलीस तर हात भरंल.” त्याला ते कळत होतं, त्याचं आयुष्य त्यातच गेलं होतं, आणि आता बायकोचं खणणं बघत पडण्याची पाळी आली होती. कधी कधी तो डोळ्यांवर हात घेई.

जितेशनं चार कोपऱ्यांना चार खांब घेतले, त्यांत सळ्यांच्या रिंगा जवळजवळ बांधल्या. भिंतीतून सळ्या वर काढून स्लॅबमध्ये गुंतवल्या. “आता उडायचं म्हटलं तर पायासकट उडावं लागेल,” तो म्हणाला. हवेसाठी जाळी घेतली ती घराच्या आतल्या भिंतीला, उंच. दार दोन फळ्यांचं, जाड, आत उघडणारं. बाहेर झाड आडवं पडलं तरी आतला माणूस कोंडून राहू नये, म्हणून. दाराला आतून लोखंडी अडसर.

वाद झाला तो उंबरठ्यावरून.

“आई, उंबरठा तर पाहिजे. बिनउंबरठ्याची खोली म्हंजे मसणवट.”

“खाटेला चाकं बसवून घेतलीत. मी एकटी ढकलणार. उंबऱ्याला अडली तर उचलणार कोण?”

“लक्ष्मी थांबत नाय म्हणतात.”

“लक्ष्मी कधी आली व्हती या घरात, ती थांबायची?”

उंबरठा झाला नाही. पाणी आत येऊ नये म्हणून जितेशनं दाराशी जमिनीला उतार दिला. शेजारची काशीबाई बघायला आली. तिनं दारातच पाय अडखळवला, उंबरठा नसताना. “सवय गो बाय,” ती म्हणाली आणि नाक मुरडून गेली. काशीबाईही घासकामाला होती. दुसऱ्या दिवशी सगळ्या शेडला कळलं, की शांतीनं उंबरठ्याशिवाय खोली बांधली.

खोलीचं सामान शांतीनं हळूहळू भरलं. झाकणाचं पाण्याचं पिंप. डब्यात चणे, गूळ, कुरमुरे. सखाच्या गोळ्या प्लास्टिकच्या बरणीत. भांडं, जुन्या फ्लेक्सचा तुकडा, दोन कोरड्या चादरी. बॅटरी. एक शिट्टी, कारण घर वर पडलं तर ओरडून घसा बसतो, शिट्टी बसत नाही. आणि कुऱ्हाड. कुऱ्हाड बाहेर पडवीत असते सगळ्यांची. शांतीनं ती आत ठेवली. आत अडकलेल्याला ती बाहेर असून उपयोग काय? चैत्रात एकदा तिनं खाट ढकलून बघितली. पडवीच्या बाजूच्या खोलीतून थेट आत. अडली नाही. सखा आत पडून छताकडे बघत राहिला, मग म्हणाला, “बरी हाय. कबर जरा मोठी असते.” पण तो खूश होता. त्या रात्री भाकरी जास्त खाल्ली.

पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं.

दोन दिवस आधीपासून मोबाईलवर, रेडिओवर तेच. लॉकडाऊन पुन्हा लागलेला. आदेशच्या शेडमध्ये शाडूच्या कच्च्या मूर्ती रचून ठेवलेल्या होत्या, घासून तयार. बाहेरगावची ऑर्डर. गाडी येत नव्हती, म्हणून पडून होत्या. रंग नाही, आखणी नाही, नुसत्या राखाडी. शाडूला पाणी लागलं की काय होतं ते सांगायला नको. शेडला तीन बाजूंनी ताडपत्री आणि वर पत्रा.

सकाळी वारं सुटलं तेव्हा शांती खाट आत ढकलायच्या तयारीला लागली होती. तेवढ्यात आदेश आला, मागून शेडमधली दोन माणसं. डोकं भिजलेलं, तोंडचं पाणी पळालेलं.

“वैनी, शेड राहत नाय. एका बाजूची ताडपत्री गेली.”

“मग?”

“तुमची खोली. पंचक्रोशीत तशी खोली नाय.”

“त्यात ह्यांना न्यायचंय.”

“दादाला लागून लागून जागा किती लागते? दोन्ही अंगाला फळ्या लावून रचतो. खाट मधी राहील. वैनी, देव भिजतील हो.”

माती भिजेल, असं तो म्हणाला असता तर शांतीनं नाही म्हटलं असतं. आपणच घासलेली ती माती, कालपर्यंत तिच्या पायांत उलटी धरलेली. पण शब्द देव असा आला आणि तिच्या तोंडातला नकार तिथंच अडला. तिनं सखाकडे बघितलं.

सखा हसला. “आण रे आदेश, आण. आमच्यात आता इरघळण्यासारखं काय उरलंय? तेच आधी इरघळतील.”

सगळे हसले. बऱ्याच दिवसांनी सखाच्या बोलण्यावर चार माणसं हसली होती. शांतीलाही ते बरं वाटलं, हे तिनं पुढं कधी कोणाला सांगितलं नाही.

“खाटेपुरती जागा ठेव,” ती म्हणाली.

“ठेवतो म्हंजे ठेवतो.”

माणसं सुरू झाली. प्लास्टिक पांघरलेली मूर्ती छातीशी धरायची, वाऱ्यात तिरकं चालायचं, आत जायचं. गणपती हलवताना हमरापुरात मुकाट्यानं कोणी हलवत नाही. “मोरया!” अशी हाळी द्यायची, समोरच्यानं “मोरया!” म्हणून वाट सोडायची. लहानपणापासून अंगात मुरलेली गोष्ट. “मोरया!” आलं की शांती बाजूला सरके. हात आपोआप कपाळाला जाई. “उंबरठा नाय ते बरं झालं, ठेच लागत नाय,” एक जण म्हणाला.

फळ्यांना टेकू पाहिजे होता, म्हणून पाण्याचं पिंप बाहेर आलं. कोपरा अडतोय म्हणून चण्यांचा डबा बाहेर आला. कुऱ्हाड मूर्तीला लागेल म्हणून बाहेर आली. शांती एकेक वस्तू घेऊन पडवीत ठेवत गेली, जरा वेळ म्हणून. तिनं ती खोली महिनोन् महिने भरली होती. रिकामी व्हायला मूर्ती आणणाऱ्यांच्या चार फेऱ्या पुरल्या.

मग शेडचा पत्रा उडाला. उरलेल्या मूर्ती धावत आल्या. आता फळ्या नव्हत्या. पहिली मूर्ती मधल्या जागेत खाली ठेवली गेली, तिच्याशेजारी दुसरी. “अरे, खाट!” शांती म्हणाली. पण मागून “मोरया! मोरया! वाट सोडा!” असा गलका आला, आणि ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिच्यासमोरून एकेक मूर्ती आत गेली. शेवटची दारापाशी ठेवली. आदेशनं दार ओढून घेतलं. “वैनी, वारं पडलं की लगेच नेतो. दादाला चांगलं पांघरूण घाला,” असं म्हणत तो स्वतःचं घर धरायला पळाला.

खाट होती तिथंच राहिली, पुढच्या खोलीत, पत्र्याखाली.

दुपारी वाऱ्यानं अंग दाखवलं. या वेळी शांतीनं पत्र्यांवर धोंडे ठेवू दिले नव्हते, नटबोल्ट मारले होते. बोल्ट शीळ घालायला लागले. पाऊस वरून नव्हे, आडवा येत होता. भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटीतून तो सरळ खाटेवर. तिनं फ्लेक्स पांघरला, तो वाऱ्यानं ओढून नेला. तिनं चादरीवर चादर घातली, त्या भिजल्या. सखा थरथरायला लागला. मग खोकला. ज्यानं कफ निघत नाही तो, आतल्या आत घुसमटणारा. एका पत्र्याची कड उचलली आणि आपटली. पुन्हा उचलली.

शांती उठली. खोलीचं दार ढकललं. दारातली मूर्ती आड आली, तेवढी हात घालून सरकवली. मग तिनं ती मूर्ती उचलली.

“काय करतंस गो?” सखा म्हणाला.

“जागा करते.”

“कसली जागा? ठेव ती.”

पहिल्या काही मूर्ती तिनं स्वयंपाकाच्या ओट्याखाली ठेवल्या. ओट्याखाली कोरडं होतं. ते भरलं. मग चुलीशेजारी. तिथं छपरातून धार लागली होती, पण भिंतीच्या कडेला दोन बसल्या. मग पडवी. मग पडवीत जागा उरली नाही, आणि वाऱ्यानं पडवी आणि अंगण यांत काही फरक ठेवला नव्हता. मग अंगण.

मूर्ती कशी धरायची हे तिला शिकवावं लागत नव्हतं. हाताला धरायची नाही, सोंडेला धरायची नाही, बैठकीखाली पंजा आणि पाठीला दुसरा. वाऱ्यात पाय फाकून चालायचं. प्रत्येक मूर्ती तिनं बैठकीवर नीट ठेवली, पावसात. एकही आपटली नाही. एकही कलंडू दिली नाही. मागे वळून कोणाचं काय होतंय हे बघितलं नाही.

सखाचे हात शाबूत होते. त्यानं खाटेची कड धरून ओरडायला सुरुवात केली. “शांते! माझ्यासाठी देव पावसात काढतंस? पाप हाय गो, पाप! मला राहू दे, मला मरू दे हिथं!”

ती मूर्ती घेऊन त्याच्या खाटेपाशीच थांबली. पदरातून पाणी गळत होतं.

“त्यांना डोळं नायत अजून,” ती म्हणाली. “तुमाला हायत.”

सखानं डोळे मिटून घेतले.

मधली जागा मोकळी झाली. तिनं खाटेला खांदा लावला. चाकं ओल्या जमिनीवर घसरली, मग फिरली. उंबरठा नव्हता. खाट आत गेली. तिनं दार लावलं, अडसर घातला. दोन्ही बाजूंना फळ्यांवरच्या मूर्ती तशाच होत्या, मधे सखा, आणि ती उरलेल्या वीतभर जागेत उकिडवी. बाहेर पत्रा सुटल्याचा आवाज आला, मग दुसरा. भिंत हलली नाही. जितेशचं काम खरं होतं.

थोड्या वेळानं सखा म्हणाला, “पाणी.”

पिंप बाहेर होतं. बरणी बाहेर होती. बॅटरीसुद्धा बाहेर.  शांतीनं लुगड्याचा ओला पदर त्याच्या ओठांना लावला. त्यानं तोंड फिरवलं.

संध्याकाळी वारं पडलं. घराचे दोन पत्रे गेले होते. खाटेच्या जागी पाणी साचलं होतं, बाकी काही नाही. धोंडा नाही, वासा नाही, भिंत नाही. अंगणात मात्र राखाडी चिखल होता. त्यात कुठं सोंडेचा आकार, कुठं पोटाची गोलाई, कुठं नुसती बैठक. बघायला सगळे आले.

“नुसतं भिजला असता गो सखा,” काशीबाई म्हणाली. “भिजून माणूस मरतो व्हय? हात कसा झाला तुझा?”

छातीचं, कफाचं, डॉक्टरांचं शांती काही बोलली नाही. खोकला कोरड्यात थांबला होता. न झालेल्या न्यूमोनियाला साक्षीदार कुठून आणायचा?

आदेश चिखलाकडे बघत उभा राहिला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“वैनी, नाय म्हणाल्या असतात तर देवळात नेल्या असत्या. देवळाचा स्लॅब हाय. शाळा व्हती.”

“खाटेपुरती जागा ठेवतो म्हणालास.”

“तुमी तिथं उभ्या व्हतात. माणसं येत व्हती तुमच्यासमोरनं. एकाला तरी अडवलंत?”

ते खरं होतं. तिनं एकालाही अडवलं नव्हतं. मोरया म्हटल्यावर वाट सोडली होती.

“भरून दे म्हणशील तर देते,” ती म्हणाली. होकार तिचा होता, उचलणारे हातही तिचेच होते.  आदेश एवढंच म्हणाला, “मला बी ऑर्डर भरायची हाय, वैनी,” आणि नुकसान तिच्या मजुरीतून कापून घ्यायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी त्याची माणसं फावडी घेऊन आली, अंगणातला चिखल खरवडून गोणीत भरून घेऊन गेली. शांतीला वाटलं, निदान अंगण साफ झालं.

सखा त्यानंतर तिच्याशी कामापुरतं बोलू लागला. त्या वर्षी चतुर्थीच्या आधी त्यानं आदेशला बोलावून घेतलं, तिच्या समोर, आणि सांगितलं, “आमचा गणपती या साली त्या खोलीत बसंल.” बसला. आरती झाली, गौरींबरोबर विसर्जन झालं, पण पाट आणि समई सखानं तिथून काढू दिली नाही. खोली देवाची झाली. काशीबाईनं येऊन उंबरठ्याच्या जागी रांगोळी काढली.

नंतर एका मे महिन्यात पुन्हा इशारा आला, वारं चढलं. शांतीनं पाट भिंतीला टेकवून ठेवला आणि खाट ढकलली. चाकं फिरली. दारापाशी सखानं दोन्ही हातांनी चौकट धरली. पाय गेले होते, हात डोलवीचेच होते. ती ढकलत राहिली, तो धरून राहिला. “देवाच्या जागेत नाय जायाचा मी. एकदा नेलंस तेवढं बास.” तिच्या खांद्यात कळ आली. खाट जागची हलली नाही. मग तिनं ती मागे ओढली, जिथं पूर्वी होती तिथं, पत्र्याखाली, आणि उशाशी बसून पत्र्याच्या कडेकडे बघत राहिली. ते वादळ दुसरीकडे वळलं. दरवेळी वळेल असं नाही, हे तिला माहीत होतं आणि सखालाही.

कारखान्यात ती जातच होती. पहाटे चारला उठणं, कूस, चादर, भाकरी, घासकाम. तौक्तेनंतर महिनाभरातच तिच्या मांडीवर मूर्ती आल्या त्या जरा गडद होत्या. घासताना पेपराला बारीक खडे लागत. मुरमाचे, तिच्या अंगणातले.

“ही माती कुठली रे?” तिनं आदेशला विचारलं.

“तुमच्या अंगणातली. शाडू कुठं वाया जातो? चाळला, भिजवला, मळला. खडा राहतो थोडा.”

“मग माती तर तुला मिळाली.”

“मातीचं मी कुठं धरलंय? साच्याचं आणि घासकामाचं धरलंय. ती मजुरी तर गेली ना वैनी.”

“घासकाम माझं व्हतं.”

“व्हय. त्याचे पैसे मी तुमाला दिले व्हते.”

शेजारच्या बायका घासायच्या थांबल्या. शांती विचार करत राहिली. त्याच्या बोलण्यात कुठं चूक आहे ते तिला सापडलं नाही, आणि बरोबर कुठं आहे तेही सापडलं नाही. तिनं मूर्ती पायांत उलटी धरली आणि बैठक घासायला घेतली. खडा लागला की तो नखानं काढायचा, खळगा पडतो तो ओल्या मातीनं बुजवायचा, वाळू द्यायचा, परत घासायचा. एका मूर्तीला दीड मूर्तीचं काम.

त्याच मातीचे गणपती त्या वर्षी गेले, रंगून, डोळे आखून. लोकांनी पाटावर बसवले, आरत्या केल्या. शांतीची त्या हंगामाची मजुरी कापली गेली आणि पुढच्या हंगामातलीही बरीच. एके दिवशी आदेश म्हणाला, “वैनी, फिटलं,” आणि तिनं मान हलवली. तिच्या हातात काही आलं नव्हतं, म्हणून त्या मजुरीचं काय घेतलं असं घरी कोणी विचारलं नाही. घेतलं ते एवढंच, की पावसात विरघळलेल्या मूर्तींवरचं तिचं स्वतःचं घासकाम तिनं आदेशकडून परत विकत घेतलं होतं.